माणिकबाईचे पाय

उजव्या पायावर यंत्र ठेवलं तेव्हा सुर्र सुर्र आवाज आला. डाव्यावर ठेवलं आणि खोली चिडीचूप झाली. डॉक्टरबाईंनी यंत्र थोडं वर सरकवलं, खाली सरकवलं. रक्त वाहत असल्याचा आवाज काही येईना. माणिकबाईच्या त्या पायाची दोन बोटं काळी पडली होती.

"शुगर कधीपासून आहे?"

"झाले सात वर्सं," तिचे यजमान देवराव म्हणाले, आणि त्यांना राहवलं नाही. "पन बाई, आपन जपन्यात कसूर नाई केली. शुगर निंगाली त्या दिसापासून हिले घागर उचलू देली नाई. वावरात जाऊ देलं नाई. देवळात जाचं म्हटलं तरी मी गाडीवर नेऊन सोडतो."

खोटं नव्हतं ते. डोक्यावर शिदोरी घेऊन वलगावहून रोज वावर गाठणारी, चालण्यात गड्यांना मागं टाकणारी ही बाई. दुखणं कळलं तसं देवरावांनी तिला खाटेवर बसवलं, धुण्याभांड्याला बाई लावली. शेजारच्या बायका आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या, शिका म्हणे जरा देवरावांकडून! ऐकून स्वारी मनातल्या मनात फुगायची. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरनं, रोज फिरायला न्या, असं बजावलं होतं खरं. पण फिरणं हा बसून खाणाऱ्यांचा शौक, असं देवरावांचं ठाम मत. जन्मभर राबलेल्या बाईला आणखी कशाला चालवायचं?

माणिकबाई मधूनच म्हणायची, "जराशीक वावरापर्यंत जाऊन येऊ काय? बसून बसून जीव आंबला."

"काहून? मी मेलो काय?" देवराव डाफरायचे. "लोक म्हनतीन, बिमार बायकोले राबवून राहिला."

डॉक्टरबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. "काका, साखरेनं रक्तवाहिन्या आतून खराब होत जातात. रोज चाललं तर त्या चांगल्या राहायला मदत होते. शुगरच्या माणसाला असं बसवून ठेवायचं नसतं हो. आता बोटं तर काढावीच लागतील. पाऊल वाचवायचा प्रयत्न करू."

देवरावांची नजर त्या काळ्या बोटांवर गेली. वावर तरी कुठं लांब होतं? निघाली असती, धुऱ्याच्या बांधावरून एक चक्कर मारून आली असती. एवढंच तर मागत होती बिचारी. आणि आपण तिच्यावर खेकसलो. कुठं तोंड लपवावं असं त्यांना झालं.

"काकू, तुम्हाला कधी चालावंसं नाही वाटलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

आता ही सांगणार. सांगू दे, देवरावांना वाटलं. सगळ्यांदेखत सांगू दे, चार शिव्या देऊ दे. ते मान खाली घालून वाट बघत राहिले.

माणिकबाईनं पदर सावरला.

"वाटे ना बाई. पन यायनं कदी जाऊच देलं नाई," ती देवरावांकडे बघत कौतुकानं म्हणाली. "साऱ्या वलगावात इचारा तुमी, यायच्यावानी बायकोले कोनंच जपलं नाई."