सकाळपासूनचं हसू

सुतार हसत होता. दवाखान्याच्या लांब बाकावर बसून, पोट धरून हसत होता. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी. शेजारी त्याची थोरली बहीण बसली होती. भाऊ तिला गल्लीच्या तोंडाशी असाच सापडला होता. त्याच्या घरी काही न विचारता तिने त्याला धरून सरळ इथे आणलं. तिच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत टॉवेल, साबण आणि दोन जोड कपडे. भरती करून घेतलंच तर धावपळ नको, म्हणून ही पिशवी तिच्या घरी खुंटीला कायम तयार असे; येताना तिने ती तेवढी उचलली होती.

"हळू हस रे," ताई म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू दे की! तिकीट थोडंच आहे?" आणि तो पुन्हा हसत सुटला. समोरचा खोकणारा म्हातारा आधी बिचकला, मग तोही उगाच हसायला लागला. त्याचा खोकला थांबला.

ताईला हसू आलं नाही. भाऊ असा हसला की दोनच कारणं असत. एक तर त्याने घेतलेली असे, नाहीतर डोक्यातला पतंग सुटलेला असे. मागे पतंग सुटला तेव्हा तो चार दिवस झोपला नाही, आणि दोन खोल्यांच्या घराला एकोणीस दारं करून बसला. मग पतंग खाली आला, आणि तो खाली आल्यावर बाटली वर आली.

तेव्हा दवाखाने दोन होते. दारूचे डॉक्टर म्हणत, आधी डोकं ठिकाणावर आणा. रस्त्यापलीकडे डोक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणत, आधी दारू सोडवा. दोघंही भली माणसं. फक्त मधल्या रस्त्यावर गुत्ता होता, आणि गुत्त्याने कधी कुणाला परत पाठवलं नाही.

हल्ली दोघं दर मंगळवारी एकाच टेबलाशी बसत. माणूस एक, कागदही एक. तेव्हापासून सुताराचं गाडं रुळावर आलं. अकरा महिने थेंब नाही, अकरा महिने गोळी चुकली नाही. आज ते अकरा महिने पाण्यात जातात की काय, या धास्तीने ताईने पिशवीचे बंद घट्ट धरले होते.

भिंतीला शिडी लावून एक माणूस दिवा बदलत होता.

"ताई, ती शिडी बघ. मधली पायरी डुगडुगतेय. पडणार हा बाबा."

ताईने काही बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. भावाला उलट बोलायचं नाही, हा घराचा नियम होता. दूध उतू गेलं तरी सगळे कुजबुजत. त्याची बायको तर बारा वर्षं अशी बोलत होती, जसं घरात कुणी नुकतंच झोपलंय.

आत बोलावणं आलं.

दारूच्या डॉक्टरांनी नळी पुढे केली. सुताराने फुंकलं. मधेच हसू फुटलं, म्हणून परत फुंकलं. आकडा आला शून्य.

"माझ्याकडून साफ," म्हणत डॉक्टरांनी कागद शेजारी सरकवला. बाईंनी चष्मा चढवला.

"झोप किती झाली?"

"साडेसात तास. बायको म्हणते, घोरलो."

"गोळ्या?"

त्याने खिशातलं पाकीट काढलं. बाईंनी मोजल्या. बरोबर होत्या.

"डोक्यात काही नवा बेत?"

"आहे ना! स्टूल करायचंय."

ताईने पिशवी जवळ ओढली. बाईंचं पेन थांबलं.

"किती?"

"किती म्हणजे?" सुतार गोंधळला. "एकच. बसणार एक माणूस, त्याला स्टुलं किती लागणार?"

दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांकडे बघितलं. कागद उलटा केला, सुलटा केला. कुठे काही सापडेना.

"मग अहो, हसताय कशाला?"

"आज बायको भांडली."

"काय?"

"कडाकडा भांडली! ओल्या फरशीवरून भुशाचे पाय घेऊन गेलो ना. म्हणाली, डोळे आहेत की लाकडातल्या गाठी? म्हणाली, वाळवी परवडली, ती निदान गुपचूप खाते. आणि मला बाहेर काढून दार आपटलं. मी केलेलं दार! चौकट तसूभर हलली नाही, बरं का. मी बाहेर, एक चप्पल आत."

"यात हसण्यासारखं काय आहे?" ताई म्हणाली.

सुताराने डोळे पुसले.

"अगं, प्यालेल्याशी भांडून उपयोग नसतो, आणि आजाऱ्याशी भांडवत नाही. बारा वर्षं तिने त्या दोघांना सांभाळलं. आज ती माझ्याशी भांडली."

दारूचे डॉक्टर खिडकीतून बाहेर बघू लागले. बाईंनी कागदावर लिहिलं, 'आनंदात आहे. औषध तेच.' मग त्यांनाही हसू आवरेना.

ताईने पिशवी खाली जमिनीवर ठेवली. भावाकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. मग बाह्या वर सारल्या.

"असं होय? मग आता सांग. नऊ वर्षांपूर्वी माझी शिडी नेलीस, ती कुठंय?"