वाणातली वेल

इंदिराकाकू सामंतांच्या परसातली परकी वेल मुळासकट काढली, असं अहवालात आहे. परसात तसं काहीही झालेलं नाही.

तण-निरीक्षक गवाणकरांनी पानाला यंत्र लावलं. कुंपणातल्या घाणेरीचं मूळ गाव त्यानं लगेच सांगितलं होतं, अमेरिका. वेलीपाशी मात्र ते बराच वेळ घरघरलं आणि मग म्हणालं, "पृथ्वीबाहेर."

"बी कुठून आणलंत, काकू?"

"पाखरानं टाकलं असेल."

"मोठं पाखरू असणार. आणखी कुणाला दिलीत रोपं?"

"संक्रांतीचं वाण म्हणून अख्ख्या वाडीला. बायकांना रिकाम्या हाती कसं पाठवायचं?"

गवाणकरांनी विळा काढला. तेवढ्यात दिवस मावळला. वेलीनं सगळी फुलं आभाळातल्या एकाच चांदणीकडे वळवली. मग शेजारच्या कुंपणावरची वळली, त्यापलीकडची वळली, आणि अख्खी वाडी वर बघत राहिली.

"रोज असंच करते," काकू हळूच म्हणाल्या. "कुणाची तरी वाट बघते, बाबा. उपटू नका."

गवाणकरांनी विळा पिशवीत ठेवला. अहवालात 'काढली' असं लिहिलं आणि खाली एक ओळ घातली: 'तरी सदर वेलीस तिच्या घरचे न्यायला येईपर्यंत परसात राहू द्यावे, व त्यांच्या वाहनासाठी वाडीच्या तोंडाशी जागा राखून ठेवावी, ही विनंती.'