ताईंच्या नावापुढे

पडद्यावर ताईंच्या नावापुढचा रकाना कोरा होता.

दप्तरं शिवणाऱ्या कंपनीची वार्षिक बैठक चालू होती. टेबलाच्या एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला त्यांचा धाकटा भाऊ, आणि मध्ये गेल्या वर्षी ठेवलेला मॅनेजर. कंपनी वाढली की योजना नव्याने लिहायची, जुन्या कागदावर धंदा हाकायचा नाही, हा दंडक ताईंचाच. कोणी काय करायचं याचा तक्ताही त्यांनीच आखलेला. पहिल्या वर्षी त्यात दोनच नावं होती. भावापुढे 'विक्री', आणि ताईंपुढे सतरा कामं, कापड आणण्यापासून चेन बिघडलेली दप्तरं परत घेण्यापर्यंत. एकेका कामाला माणूस मिळत गेला, तसतसं ताई ते आपल्या नावापुढून खोडत गेल्या. खोडताना काय तोरा असायचा त्यांचा. "चला, एक ओझं उतरलं," म्हणायच्या.

यंदा एकच काम उरलं होतं. नव्या बायकांना शिवण शिकवायचं. पडद्यावर आता तेही नव्हतं.

"हे कुणी काढलं?" भावाने विचारलं.

मॅनेजर गडबडला. "सर, नियमच आहे ना तसा. शिकवायला आता शिलाईतल्या काकू आहेत. ताईंच्याच हाताखाली तयार झाल्यात. म्हणून मी..."

त्याची काही चूक नव्हती. बिचाऱ्याने नियम तंतोतंत पाळला होता.

"अहो, मग दुसरं काहीतरी लिहा," भाऊ म्हणाला. "मार्गदर्शन लिहा."

मॅनेजरने लिहिलं. शब्द लांबलचक होता, रकाना भरल्यासारखा दिसू लागला.

"खोडा ते," ताई म्हणाल्या. "ते काम नव्हे. माणसाला बरं वाटावं म्हणून म्हणतात ते."

"ताई, असं काय करतेस? किती राबलीस तू. आता जरा बस की निवांत." भाऊ टेबलावर पुढे झुकला होता. तो अगदी मनापासून बोलत होता, तीच तर पंचाईत होती.

राग धरावा तर कुणावर, हेच ताईंना कळेना. सोळा कामं त्यांनी स्वतःच्या हाताने, हसत हसत खोडली होती. सतरावं दुसऱ्याने खोडलं आणि काळजाला घरं पडली. आपल्यावाचून कुणाचं अडू नये म्हणूनच तर एवढा खटाटोप केला होता. काचेपलीकडे साठ मशिनं चालू होती आणि खरंच कुणाचं काही अडलं नव्हतं.

मॅनेजरने घसा खाकरला. "पुढचा मुद्दा घेऊ का?"

"घ्या ना," ताई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग भावाकडे वळल्या.

"मला एवढंच सांग. उद्या मी किती वाजता यायचं?"

भाऊ गोंधळला. असला प्रश्न ताईंनी त्याला कधी विचारलाच नव्हता. तो उठून त्यांच्या खुर्चीशी आला, खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाला समजवावं तसं मायेने म्हणाला,

"कधीही ये गं. नाही आलीस तरी चालेल."