पेटीतली काळी गोटी

'या क्लबात शंभर वर्षांत एकही अपात्र माणूस शिरलेला नाही.' शताब्दी ग्रंथाचं हे पहिलं वाक्य लिहून मास्तरांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा स्वतःचा अर्ज चारदा नामंजूर झाला होता. नियमच तसा होता: मतपेटीत एक जरी काळी गोटी दिसली, तरी अर्ज बाद, बाकीच्या मोजायच्याच नाहीत. ती एक कोणाची, या विचाराने मास्तर वीस वर्षं प्रत्येक सभासदाचा नमस्कार संशयानेच घेत होते.

ग्रंथात फोटो हवा म्हणून त्यांनी पेटी पुसायला घेतली, तर आत कोपऱ्यात एक काळी गोटी जुन्या पॉलिशला घट्ट चिकटून बसलेली. मास्तर धावतच अध्यक्षांकडे गेले.

"अरेरे! आम्ही तर दर वेळी पांढरीच टाकली हो, मास्तर," अध्यक्ष हळहळले. "म्हटलं, काळी टाकणारा टाकतोच आहे, आपण कशाला वाईटपणा घ्या?"

गोटी खरवडून काढली, रिकामी पेटी सगळ्यांना दाखवली आणि पाचव्यांदा मतदान झालं. मास्तरांच्या आग्रहाखातर या वेळी गोट्या मोजल्या.

सभासद चौदा होते. काळ्या गोट्या चौदा निघाल्या.