दुसऱ्या बाळाचा नंबर

हॉस्पिटलात प्रत्येक बाळाला वेगळा नंबर देणारं सॉफ्टवेअर त्यानं लिहिलं. आईचा नंबर आणि पुढे जन्माची वेळ, मिनिटासकट. ते तपासणाऱ्या टेस्टरनं तक्रार नोंदवली, "एकाच मिनिटात जुळी झाली तर?"

"आई आहे की झेरॉक्सचं मशीन?" असं म्हणून त्यानं 'अशक्य' हा शेरा मारला आणि तक्रार बंद केली.

दोन वर्षांनी त्याच हॉस्पिटलात नर्स कॉम्प्युटरवर वैतागली होती. "दोघी अकरा वाजून चार मिनिटांनीच झाल्या, तर हे धाकटीला घेतच नाही! नंबराशिवाय घरी कशी सोडू? कुठल्या शहाण्यानं बनवलंय हे?"

दोन्ही हातांत एकेक लेक घेऊन तो शेजारीच उभा होता.

पलंगावरून टेस्टर म्हणाली, "काय रे, माझी तक्रार उघडतोस, की धाकटीचं नाव 'अशक्य' ठेवू?"