नेहमीचंच माप

"हनुवटी काठावरच आहे," नेलिदा हळूच म्हणाली. "गेल्या वर्षी होती तिथंच."

अंगणात चिचा, म्हणजे मक्याची दारू, आंबवायचा नवा रांजण उभा होता आणि त्यात इलारी मांडी घालून बसली होती. रांजणाबाहेर तिचं फक्त तोंड आणि वर लोकरीची टोपी. रांजणात ओरडलं की आवाज घुमून परत येतो, हे तिला आत्ताच कळलं होतं, त्यामुळे ती खुशीत होती. तिची आई नायदा मात्र पुन्हा पुन्हा काठ आणि हनुवटी न्याहाळत होती.

नवा रांजण घरी आला की आधी त्यात घरातलं सगळ्यात धाकटं लेकरू बसवायचं, मग मका ओतायचा, ही गावची रीत. रांजणात मावेल तेवढा मका, तेच रांजणाचं मोल. रांजण घडवणारी तोमासा मावशी डोंगराच्या वरच्या अंगाची, मका उगवत नाही तिथली. दर सुगीला गाढवांवर मडकी लादून उतरायची आणि मका भरून चढायची. गाढवावरून उतरवतानाच नायदानं तिला विचारलं होतं, माप नेहमीचंच ना? "नेहमीचंच गं. माझा हात काय वर्षात बदलला?" असं म्हणून मावशीनं रांजण जमिनीवर टेकवला होता.

नेलिदा ही नायदाची नणंद. कुस्कोत तिची बेकरी. कार्निव्हलपासून तिचा एकच धोशा होता, पोर वाढत नाही, माझ्याकडे द्या, शहरात दूध आहे, डॉक्टर आहे. बाई मनानं वाईट नव्हती. येताना पाव आणायची आणि इलारीला मांडीवर घेऊन भरवायची. पण तिच्या प्रत्येक घासाबरोबर नायदाला टोचायचं. नायदाही कुस्कोच्या कॉलेजात शिकलेली. कितव्या महिन्यात मुलानं काय खावं, हे तिला पाठ होतं, आणि पाठ होतं म्हणूनच झोप नव्हती. पावसात रस्ता खचल्यापासून गावात नर्सही फिरकली नव्हती. तरी नणंदेपुढे हार मानायची नाही म्हणून तिनं सगळ्यांसमोर ठणकावलं होतं, "मावशीचा रांजण येऊ दे, ताई. पोर गेल्या वर्षीइतकीच भरली, तर खुशाल घेऊन जा."

नवरा हसून हो म्हणाला होता. शब्द दिला गेला होता.

आता नेलिदानं पडवीतलं पोरीचं गाठोडं उचललं. कपडे कालच बांधून ठेवले होते. वहिनी, तुझा दोष नाही, असं काहीबाही ती बोलत राहिली. तोमासा मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं आपली नेहमीची थट्टा केली, "मका राहू दे गं. मोलात हीच दे. माझ्या रांजणात बरोब्बर बसलीय."

नायदानं पोरीला बाहेर काढलं. घागऱ्यावरचा पट्टा सुटला होता, तो बांधायला घेतला. मेंढीच्या लोकरीचा, तिनं स्वतः विणलेला, लाल पट्टा. गेल्या सुगीला त्याचे तीन वेढे बसायचे. आता दोन होऊन तिसऱ्याला टोक तोकडं पडायचं. धुतल्यावर लोकर आटली, असं तिनं धरलं होतं. आपलं सूतच कच्चं, आपला हातच कच्चा. आज तर तिला ते सगळ्याच बाबतीत खरं वाटलं. पट्टा खांद्यावर टाकून ती मक्याच्या पोत्याकडे वळली. दिल्या शब्दासारखं मोलही चुकतं करायलाच हवं.

मोलाचा मका तिनं आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. तडा गेलेला गेल्या वर्षीचा जुना रांजण स्वयंपाकघरात कमरेपर्यंत पुरलेला, धान्यालाच वापरायचा. तो काठोकाठ भरून तेवढाच मका पोत्यात ओतलेला. दाणा कमी नाही, दाणा जास्त नाही.

तिनं पोतं नव्या रांजणावर उपडं केलं. मका खळखळत उतरला आणि थांबला. तिनं पोतं झटकलं. काठ अजून दोन-तीन बोटं वर होता.

नेलिदानं वाकून पाहिलं. पोतं फाटलंय का, म्हणून तिनं विचारलं. पोतं धड होतं. तोमासा मावशी एकाएकी गाढवाची दोरी सोडून परत बांधू लागली.

"मावशी," नायदा म्हणाली, "जुना रांजण काठोकाठ भरून हे पोतं भरलंय मी."

मावशीनं दोरी सोडली. "बरं बाई, केलाय मोठा. दोन-तीन बोटं. यंदा कडाक्याच्या थंडीनं आमचे बटाटे काळे पडले. मका थोडा जास्त सुटेल म्हणून माती जास्त घेतली. मागायला तोंड होत नव्हतं. आता बोल काय बोलायचं ते."

नायदानं खांद्यावरचा पट्टा हातात घेतला, ताणून पाहिला. वीण होती तशीच होती, लोकर आटलेली नव्हती. मग ती खाली बसली आणि पट्टा इलारीच्या कमरेभोवती नीट गुंडाळला. एक वेढा. दुसरा. टोक तोकडं पडलं, आणि नायदा हसायला लागली. इतकी, की डोळ्यांतून पाणी आलं.

नेलिदा आधी पट्ट्याकडे पाहत राहिली, मग रांजणाच्या काठाकडे. मग तिनं हातातलं गाठोडं गुपचूप पडवीत नेऊन ठेवलं.

नायदा घरात गेली, घागऱ्याच्या घोळात मावेल तेवढा मका घेऊन आली, ओतला. पुन्हा गेली. रांजण भरला, वर शीग चढली, दाणे काठावरून अंगणात सांडले तरी ती थांबेना. मावशी ओशाळून तिचा हात धरू लागली.

"धरू नका," नायदा म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी याहून मोठा आणा."