गळती थांबली

"अगं ए, रात्रभर एकदाही उठलो नाही मी!" प्लंबरकाकांनी सकाळी सकाळी घर डोक्यावर घेतलं. प्रोस्टेटच्या कॅन्सरवरचे उपचार धुडकावून वर्षभर चूर्णावर भिस्त ठेवली होती, पण लघवीसाठी रात्री सात-आठ वेळा उठणं काही चुकलं नव्हतं.

बायकोने हरखून नर्स असलेल्या लेकीला फोन लावला, स्पीकरवर टाकला. "बाबांना गुण आला गं!"

लेकीने उलट विचारलं, "आई, सकाळपासून तरी लघवी झालीय का त्यांना?"

काकांचा हात ओटीपोटावर गेला. ते दगडासारखं टणक लागलं. नळ गळायचा थांबला म्हणून खूश होणाऱ्या गिऱ्हाइकांना ते तीस वर्षं एकच सांगत आले होते, "हुरळून जाऊ नका. आधी पाइप तुंबलाय का ते बघा."